कासवाचं सुतक

मटार सोलता सोलता जगदीशने विषय काढला. तो कधीतरी काढणार हे विनयाला माहीत होतं. काका, काकू आणि त्यांचा मुलगा समीर पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरले, तेव्हापासून ती वाट पाहत होती.

"दुपारी तुझी ती मीटिंग आहे ना?"

"बारा वाजता. खालच्या खोलीतून बोलणार आहे, लॅपटॉपवर."

"मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी?"

"तारीख मी नाही ठरवली, काका."

लखनौच्या महानगर वस्तीतल्या घराच्या गच्चीवर फेब्रुवारीचं ऊन आलं होतं. चटईवर हिरव्या शेंगांचा ढीग होता आणि भोवती सगळे पुरुष. संध्याकाळी अलीगंजहून मुलाकडची माणसं येणार होती, त्यांच्यासाठी मटारची घुगनी करायची होती. विनयाचा नवरा सुबोध बँकेत मॅनेजर होता, पण शेंगा सोलण्यात सर्वांत हळू.

"लखनौत मटार सोलल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही," तो म्हणाला. "माझीसुद्धा याच गच्चीवर झाली. सासऱ्यांनी आधी टोपली दिली, मग मुलगी."

जगदीश हसला नाही. "गेल्या वर्षी बोललीस तेच आज बोल. जास्त काही नको."

विनया नद्यांमधल्या कासवांवर काम करायची. मेलेल्या कासवाचं फुफ्फुस पाहून ते कशाने मेलं हे सांगणं, हा तिचा खास विषय. त्यामुळेच कोकण किनाऱ्यावरच्या समितीने तिला घेतलं होतं. कासवं अंडी घालायला येतात त्या हंगामात किनाऱ्यालगतचा पट्टा ट्रॉलरना बंद करावा की नाही, असा गेल्या वर्षी प्रश्न होता. विनयाच्या वडिलांच्या गावापुरता तो बंद झाला नाही, आणि तेही तिच्या शब्दामुळे. तिथल्या जाळ्यांना कासवांसाठी दार बसवलंय, ती म्हणाली होती. जाळ्याच्या पोटात सळयांची तिरकी चौकट आणि तिच्यावर झडप. मासा सळयांमधून मागे जातो, कासव चौकटीला लागतं आणि झडपेतून बाहेर पडतं. माझे काका तिथल्या नौकामालकांच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत, हेही तिने तेव्हा सांगितलं होतं. त्याने तिच्या शब्दाचं वजन वाढलंच होतं.

या हंगामात त्याच किनाऱ्यावर मेलेली कासवं लागली होती.

"दार उघडं असतं ना, काका?"

"तूच बसवून घेतलंस की."

"मी बसवलं ते धक्क्यावर. समुद्रात उघडं असतं का, ते विचारतेय."

"असतं."

"मला नमुने आलेत. श्वासनलिकेत फेस आहे, वाळू आहे. ती बुडून मेलीत."

"कासव बुडतं?" सुबोधने विचारलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही असे प्रश्न तो मनापासून विचारायचा.

"हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. जाळं तासन्‌तास ओढत राहिलं तर कसं येणार?"

"बाहेरच्या राज्यातले मोठे ट्रॉलर येतात आमच्या हद्दीत," जगदीश म्हणाला. "रात्रीचे दिवे लावून. त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या पुतण्या लखनौत शास्त्रज्ञ नाहीत."

हे शक्य होतं. विनयाने ते मनात एका बाजूला ठेवलं. मग तिचं लक्ष समीरकडे गेलं. जगदीशची बोट तोच न्यायचा, तांडेल म्हणून. मान खाली घालून तो भराभर शेंगा सोलत होता आणि दाणे टरफलांच्या टोपलीत टाकत होता.

"समीर," ती म्हणाली, "ते गायीला जाणार आहेत."

त्याने टोपलीत पाहिलं. "सॉरी, ताई," म्हणाला, आणि टरफलांतून एकेक दाणा वेचायला लागला.

*

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी पाट घेऊन जगदीशची बायको मालिनी आलं किसत होती. तिथून देवघर दिसत नव्हतं, म्हणून तिने ती जागा धरली होती.

आल्या दिवशी सुबोधने कौतुकाने जवळच्या कपूरथला बाजारातून रोहू आणला. तिने ताट पुढे सरकवलं. "नदीचो मासो. चिखलाची घाण येता," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मालवणच्या बाईने रोहूला नाक मुरडणं सगळ्यांना पटलं. ती निघायच्या आदल्या दिवसापासून कुठलाच मासा खात नव्हती, हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

निघायच्या आदल्या सकाळी समीर समुद्रावरून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. चप्पल काढली नाही. घरात यायच्या आधी, दारातूनच सांगायची रीत होती.

"आये, एक कासव गेला."

तिने चूल विझवली. आता चूल म्हणजे गॅस, पण बटण बंद करताना तिने विझवली असाच शब्द मनात घेतला. तिच्या सासूने शिकवलेलं होतं. आपल्या जाळ्यात कासव मेलं तर बोटीच्या घरात सुतक. घरच्या बाईने देवाला हात लावायचा नाही, केसांना तेल नाही, तोंडात मासा नाही, कुणाला कुंकू लावायचं नाही. अमावास्येला समुद्राला नारळ दिला की सुतक फिटतं. तिच्या संसारात असं एकदोनदाच घडलं होतं, जाळी लहान होती तेव्हा.

"दार होता ना?" तिने विचारलं होतं.

"झडप बांधलेली."

"कोणी?"

"मीच. झडपेतून अर्धो मासो जाता, आये. खलाशी कुरकुर करतत. मासो सगळो किनाऱ्याक लागलोहा, म्हणून जाळा आत वडत होतंव."

"बापाशीक म्हायती आसा?"

"त्यांनी बांध म्हणून सांगूक नाय. नको म्हणूनय सांगूक नाय."

जगदीशला तिने बॅगा भरताना सांगितलं. मी येत नाही. नातीला पहिलं कुंकू लावायला नेताय, आणि कुंकवाला माझा हात चालत नाही. त्यांच्या घराण्यात साखरपुड्याचं पहिलं कुंकू थोरल्या सुनेने लावायचं असतं. विनयाची आई गेल्यापासून ती थोरली सून मालिनी होती.

"सुतक लखनौपर्यंत येणा नाय," जगदीश म्हणाला होता. "तू गप रव आणि साड्या घाल बॅगेत."

ती गप्प राहिली. साड्या घातल्या. पण भुसावळ गेलं, झाशी गेली, तरी तिला ते मागे पडल्यासारखं वाटलं नाही.

"आजी, यहाँ क्यों बैठी हो?" विनयाची मुलगी अंतरा आली. तिला मराठी सगळं कळायचं. बोलताना ती हिंदीत शिरायची. दोन्ही हात मेंदीने भरलेले, कोपर वर धरलेले. "चलो ना, मेहंदीवाली आपके लिए रुकी है. छोटीशी काढून देईल."

"नको गो बाय. माझे हात आल्याचे."

"और ये बाल? कितने रूखे हो गए हैं. थांब, मी तेल लावते. म्हणजे, मम्मी लावेल. मेरे तो हाथ..."

"लखनौची हवा कोरडी," मालिनी म्हणाली. "तू जा. मेंदी पुसात."

अंतरा गेली. जिन्यात तिचा आवाज आला. "मम्मी, आजीला कोणीतरी तेल लावा यार. बिलकुल झाड़ू हो गए हैं बाल."

मालिनीचा किसणीवरचा हात थांबला. सगळं आलं संपलं होतं आणि बोटाचं टोक किसायला लागलं होतं.

*

जगदीशच्या थोरल्या भावाला, मधुसूदनला, पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं.

तो संशोधन संस्थेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली होती. देवघर त्याच्या बायकोचं होतं. ती गेल्यावर विनया दिवा लावायची. त्या संध्याकाळी विनयाने काकूच्या हातात काडेपेटी दिली, मानाने. मालिनीने ती अंतराकडे दिली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. मधुसूदनने त्या उभं राहण्याची पद्धत ओळखली. त्याची आई तशी उभी राहायची.

तो कुणाला काही बोलला नाही. आपण वयाच्या विसाव्या वर्षी शिकायला बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. आईवडिलांची शेवटची वर्षं जगूने काढली, बोट जगूने चालवली. त्या घरात काय झालं ते विचारायचा हक्क आपण केव्हाच सोडला, असं त्याचं मत होतं.

विनया खोलीत आली तेव्हा साडेअकरा होत आले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाबा, काकू देवघरात का येत नाही?"

"गुडघे."

"गुडघे स्वयंपाकघरात चालतात. पाटावर बसलीये ती."

मधुसूदनने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"केसांना तेल नाही," विनया म्हणाली. "मेंदी नको. दिवा लावला नाही. मासे नको म्हणाली, मला वाटलं नदीचे म्हणून. सुबोधने काल गोव्याचं सुक्या बांगड्याचं लोणचं काढलं, तेही नाही घेतलं. घरात कुणी गेलं असतं तर आपल्याला कळलं असतं. मी लहानपणी एकदा मे महिन्यात गावी गेले होते, तेव्हा आजीने चूल पेटवली नव्हती. आम्ही पोरं दिवसभर चुरमुरे खात होतो. तेव्हा ते कशासाठी होतं?"

"तुला आठवतंय."

"चुरमुरे आठवतात. कारण आठवत नाही. तुम्ही सांगा."

मधुसूदनने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"मी शाळेत असताना आईशी वाद घातला होता," तो शेवटी म्हणाला. "कासव आपलं कोण लागतं, म्हणून. ती म्हणाली, जी जिथे जन्मली तिथेच बाळंतपणाला येते, ती माहेरवाशीण. आपल्या दारात गेली तर सुतक आपल्याला. मी म्हटलं, ती इथेच जन्मली हे तुला काय माहीत? आई म्हणाली, नाहीतर एवढा समुद्र सोडून इथे कशाला येईल?"

"ते खरंच निघालं पुढे," विनया म्हणाली. "जन्माच्या किनाऱ्याच्या आसपासच येतात त्या."

"निघालं. तोवर आई गेली होती."

गच्चीकडून टेंटवाल्याच्या खुर्च्या लावल्याचे आवाज येत होते.

"म्हणजे आपल्या जाळ्यात मेलं," विनया म्हणाली.

"तुझा अंदाज आहे. हा पुरावा नाही. समितीला काय सांगशील? माझ्या काकूने केसांना तेल लावलं नाही?"

"नाही सांगणार."

"मग गेल्या वर्षीचंच बोल. आज घरात कार्य आहे. जगूशी मी नंतर बोलेन, सावकाश."

"बाबा, गेल्या वर्षीसुद्धा माझ्याकडे पुरावा नव्हता. काका म्हणाले दार उघडं असतं, मी मानलं. दुसऱ्या कुठल्या गावच्या अध्यक्षाचं मी असं मानलं असतं?"

विनया उठली. दारात तिला वाटलं की त्याला काही म्हणायचं आहे, म्हणून ती थांबली. त्याने पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

जिन्यात समीर भेटला. दोन्ही हातांत झेंडूच्या माळा, खांद्यावर शिडी.

"समीर, एक विचारू?"

त्याने शिडी भिंतीला टेकवली. तो तिच्याहून बराच लहान होता. सुट्टीत ती त्याला पाटी धरून पाढे शिकवायची.

"नको विचारू, ताई. तू विचारलंस तर मी खोटं नाही बोलणार. आणि बाबा खाली बसलेत."

ती एक पायरी उतरली. मग म्हणाली, "एवढंच सांगते. पुढे कधी जाळ्यात निपचित आलं, तर लगेच पाण्यात टाकायचं नाही. पुष्कळदा ते मेलेलं नसतं. सावलीत ठेवायचं, मागची बाजू उंच करून, अंगावर ओलं फडकं. कधी कधी दिवसभराने श्वास घेतं."

समीर माळांकडे पाहत राहिला.

"टाकायचं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने पुन्हा शिडी उचलली, पण जिना चढायचा विसरला.

*

जगदीश बाहेरच्या खोलीत, मधल्या बंद दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. सुबोधने त्याला मलई मक्खनचा द्रोण आणून दिला होता. केशराचा पिवळा फेस. जिभेवर ठेवला की नाहीसा होणारा. त्याला तो पदार्थ समजला नाही.

"थंडीतच मिळतो," सुबोध म्हणाला. "दंव पडावं लागतं म्हणतात. खा हो, काका. पोटात काही जात नाही, त्यामुळे कितीही खाता येतो."

आतून विनयाचा आवाज येत होता. मीटिंग मराठीत होती. धनंजय नावाचे कुणी प्रमुख होते, त्यांचा आवाज लॅपटॉपमधून चिरका येत होता. बरंच बोलणं वाळू, फेस, नमुने यांबद्दल झालं. मग धनंजयनी विचारलं, "तुमच्या गावापुरतं मत कायम आहे ना, मॅडम? तसं असेल तर तो पट्टा आपण पुन्हा वगळू."

जगदीशने द्रोण खाली ठेवला.

"नाही," विनया म्हणाली. "गेल्या वर्षीचं मत मी मागे घेते. दार बसवताना मी पाहिलं होतं, समुद्रात उघडं असलेलं पाहिलं नव्हतं. तरी मी तसं सांगितलं. ते चूक होतं."

"तुमच्याकडे काही नवी माहिती आहे का?"

आत खुर्ची करकरली.

"सिद्ध करता येईल अशी नाही. आणि तिथल्या एका बोटीचे मालक माझे काका आहेत, त्यामुळे या गावाबद्दल यापुढे माझा शब्द धरू नका. संस्थेचे अध्यक्ष तेच आहेत. त्यांनाच विचारा."

"ठीक आहे. उद्या सकाळी फोन करतो त्यांना. दार उघडं असतं असं ते स्पष्टपणे म्हणाले तर विचार करू. नाहीतर पट्टा बंद."

दार उघडून विनया बाहेर आली तेव्हा जगदीश उभा होता.

"छान केलंस. मला उभं केलंस."

"तुम्हाला विचारतील, काका. एवढंच केलं."

"पट्टा बंद झाला की काय होतं माहीत आहे? खलाशी दुसऱ्या बंदरात जातात. एकदा गेलेला खलाशी परत येत नाही. समीर तांडेल आहे म्हणून बोट आहे आणि बोट आहे म्हणून समीर गावात आहे. नाहीतर तोही तुझ्या बापासारखा जाईल कुठेतरी. मग त्या किनाऱ्यावर आपलं कोण उरलं?"

मधुसूदन जिन्यावरून उतरत होता. तो शेवटच्या पायरीवर थांबला.

"बोल ना, दादा," जगदीश त्याला म्हणाला. "तुझ्या मुलीला सांग. तुम्ही इथे कोरड्या जमिनीवर बसून कासवं मोजा. आम्ही पाण्यात आहोत."

सकाळपासून मधुसूदन भावाच्या बाजूला होता, हे विनयाला ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"जगू," तो म्हणाला, "दार उघडं होतं का?"

"तूसुद्धा?"

"हो किंवा नाही सांग. मग मी तुझ्या बाजूने बोलतो."

सुबोधने द्रोण उचलला आणि कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला.

"मालिनी देवघराबाहेर उभी राहते," मधुसूदन म्हणाला. "मी आईला तसं उभं पाहिलंय."

"अच्छा. ते होय." जगदीशचा आवाज खाली आला. "शास्त्रज्ञांच्या घरात आता सुतक मानायला लागले. मग पुरतं माना. तूही त्याच घरातला. सुतकात साखरपुडा होत नाही. फोन कर अलीगंजला, नका येऊ म्हणावं."

अंतरा जिन्यात आली होती. तिने अजून मेंदी धुतली नव्हती. "मम्मी? क्या हुआ?"

उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून. मालिनी पदराला हात पुसत आली आणि देवघराचं दार टाळून, सोफ्याला वळसा घालून उभी राहिली.

"फोन कोणी करूचो नाय," ती म्हणाली. मग विनयासाठी तिने बोली सोडली. "सुतक बोटीच्या घराला असतं. भावोजी वेगळे झाले त्याला जमाना झाला. पोरीचं गोत्र तर बापाचं, सुबोधरावांचं. तिला कसलं सुतक? साखरपुडा होईल. फक्त पहिलं कुंकू मी लावणार नाही. विनया, तू लाव."

"लोक विचारतील," जगदीश म्हणाला. "विहीणबाई विचारतील. काय सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

"काय सांगशील?"

"जा झाला ता."

"मालिनी."

"लखनौपर्यंत येणा नाय म्हणालात," ती म्हणाली. "मी गाडीत सगळी रात्र बघत होते. आलं ते."

अंतरा दोन पायऱ्या उतरली. "आजी, कोण गेलं?"

मालिनीने तिला सांगितलं. साध्या शब्दांत, समीरने उंबऱ्यातून सांगितलं होतं तसं. झडप कुणी बांधली ते मात्र सांगितलं नाही. अंतराने ऐकलं, आईकडे पाहिलं आणि मग मेंदीचे हात सांभाळत मालिनीच्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

"रंग लागेल साडीला," मालिनी म्हणाली.

*

मुलाकडची माणसं ठरल्या वेळेच्या बरीच नंतर आली, म्हणजे लखनौच्या मानाने वेळेवर. संकेत, त्याची आई शर्मिष्ठा, वडील आणि चुलते. शर्मिष्ठा नागपूरची, इथे शाळेत शिक्षिका. मराठी बोलताना तिच्या तोंडी मध्येच "जी" यायचं. विनयाने अंतराला पहिलं कुंकू लावलं. साखरेचा पुडा दिला, अंगठ्या झाल्या, फोटो झाले. घुगनीची तारीफ झाली आणि सुबोधने मटार आपण सोलल्याचं दोनदा सांगितलं.

मग शर्मिष्ठाने कुंकवाचं तबक हाती घेतलं. मुलीकडच्या थोरांना तिने स्वतः टिळा लावायचा होता. ती आधी मालिनीकडे गेली. मालिनी गच्चीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली होती.

"तुम्ही इथे कशा, काकूजी? आत या ना."

मालिनीने हात जोडले. "मला नको. आमच्याकडे सुतक आहे."

जवळच्या दोघाचौघांचं बोलणं थांबलं. शर्मिष्ठाने तबक किंचित मागे घेतलं. "अरे. कोण गेलं?"

"कासव. आमच्या जाळ्यात गेलं. अंडी घालायला आलं होतं."

शर्मिष्ठा तिच्याकडे पाहत राहिली. वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षित उत्तर दिल्यावर ते बरोबर आहे की चूक, हे तपासणाऱ्या बाईसारखी. विनया दोघींच्या मागे उभी होती. काही समजावून सांगावं असं तिला वाटलं.

"मिठाई चालते का सुतकात?" शर्मिष्ठाने विचारलं.

"चालते."

"मग इथेच आणून देते. थंडी वाजत असेल तर शाल सांगा, जी."

ती मधुसूदनकडे गेली. त्याने चष्मा काढला आणि कपाळ पुढे केलं. त्याला त्यात विशेष काही नव्हतं. बायकोच्या हातचा टिळाही तो असाच घ्यायचा. शर्मिष्ठाने कुंकू लावलं, वर तांदूळ टेकवले.

त्याच्या शेजारी जगदीश बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस नीट बसवलेले. संध्याकाळभर तो संकेतच्या चुलत्यांशी क्रिकेटवर बोलत होता. मालिनीचं बोलणं त्याने ऐकलं नाही, असं समजायला जागा होती. शर्मिष्ठा समोर आली तसा तो सवयीने पुढे झुकला. तिचं बोट कुंकवात बुडून वर आलं.

जगदीशने हात वर केला आणि कपाळ झाकलं.

"मला पण नको," तो म्हणाला.

शर्मिष्ठाने बोट तसंच धरलं. तिने मालिनीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि काही न विचारता पुढे सरकली. कपाळावरचा हात जगदीशने लगेच काढला नाही. ऊन डोळ्यांवर आल्यावर धरावा तसा तो थोडा वेळ धरून ठेवला.

समीर भिंतीशी उभा होता. तो वाकून हळू म्हणाला, "बाबा, सकाळी फोन आला तर मी..."

"फोन माका येतलो," जगदीश म्हणाला. "मीच सांगतलंय. झडप बांधलेली होती, म्हणून."

विनयाने ते ऐकलं. ती मिठाईची बशी घेऊन गच्चीच्या दाराकडे निघाली होती, थांबली नाही. बशी मालिनीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारच्या पायरीवर बसली. आत कुणीतरी पुन्हा फोटोसाठी सगळ्यांना बोलावत होतं.

जगदीश फोटोसाठी उठला नाही. त्याने खुर्ची वळवली आणि एवढ्या माणसांच्या मधून बायकोला विचारलं.

"अमावास्या कधी आसा गो?"

"आपण घराक पोचल्यावर," मालिनी म्हणाली, आणि बशीतल्या बर्फीचे दोन तुकडे करून एक त्याच्यासाठी बाजूला ठेवला.